गोणीच्या तळाचं गाणं

मंचरला मी अकरा वर्षं एक चार पानी साप्ताहिक चालवलं. त्यातली तीन पानं वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रियेची निमंत्रणं आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीतले आरोप यांनीच भरायची. चौथ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात मात्र एक चौकट असायची, 'नवा माल, जुना माल' नावाची. त्यात अमेरिकेतल्या रॅपच्या अल्बमांची परीक्षणं यायची. लिहिणारे गेनभाऊ. शिक्षण सातवी, इंग्रजीचा गंध नाही, वय पन्नाशीच्या पुढं आणि काम म्हणाल तर मार्केट यार्डात एका आडतीवर कांद्याचा लिलाव पुकारायचं. हे मी आता पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग मी थापा मारतोय का ते माझ्या तोंडाकडे बघून ठरवतो. ठरवू दे. अंक मी जपून ठेवलेत.

या सगळ्याला कारण शब्बीरभाई. ते मूळचे जुन्नरचे. मंचरला एसटी स्टँडजवळ त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. त्यांचा मेव्हणा आखातात नोकरीला. त्याला शब्बीरभाईंनी गझलांच्या कॅसेटी पाठवायला सांगितल्या होत्या. त्यानं खोकं भरून रॅप पाठवलं, का ते त्यालाच माहीत. शब्बीरभाईंनी एक कॅसेट लावून पाहिली आणि कपाळाला हात लावला. गाणं म्हणून घेतलेल्या मालात कुणी गातच नव्हतं, सगळे भांडल्यासारखे बोलत होते. ही कॅसेट बंद करायला त्यांनी हात पुढं केला तेवढ्यात लिलाव आटपून घरी निघालेले गेनभाऊ दुकानासमोर थांबले.

"राहू द्या," ते म्हणाले. "ह्यो गडी दम कुठं घेतोय ते बघू द्या."

पुढची वीस मिनिटं ते रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभे होते. मागून ट्रक हॉर्न देत होते. कॅसेट संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि निकाल दिला, "आवाज बरा हाय. पण जोडकाम केलंय. एवढं एका दमात बोलणारा माणूस अजून जन्मायचाय."

गेनभाऊ अंगानं काटकुळे होते. गळ्याची घाटी एवढी मोठी की टोपीखालोखाल तीच नजरेत भरायची. गालात कायम एक लवंग. गार पाणी नाही, आइस्क्रीम नाही, लग्नात वाढलेलं श्रीखंडसुद्धा नाही. यार्डाबाहेर हा माणूस जवळजवळ मुकाच असायचा, कारण आवाज म्हणजे त्यांची पोटाची भाकरी. घरी तर ते सगळं खोकून सांगायचे. एकदा खोकले की चहा, दोनदा खोकले की आंघोळीचं पाणी, आणि जरा लांबवून खोकले की आलेल्या पाहुण्यानं आता उठावं. "बाजाराला बोलणं आन् आमाला खोकला," त्यांच्या बायकोची कायमची तक्रार. पण ती तक्रार करता करताच चहा टाकायची.

यार्डात गोणीसमोर उभे राहिले की हाच माणूस निराळा व्हायचा. बोली चढायला लागली की त्यांची जीभ अशी काही सुटायची की नवखा व्यापारी नुसता तोंडाकडं बघत राहायचा. एकाचा आकडा पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्याचा उचललेला असायचा. शेवटचं 'एक वार, दोन वार, तीन वार' तर एका शब्दात उरकायचं. सगळ्या यार्डात सगळ्यात आधी लिलाव उरकणारा म्हणून त्यांचं नाव होतं. पुढच्या रांगेतले मोठे व्यापारी म्हणायचे, "गेनभाऊ म्हंजी मशीन हाय मशीन." आणि लगेच त्यांच्यासाठी चहा सांगायचे. गेनभाऊंना त्या चहापेक्षा त्या 'मशीन'चं कौतुक जास्त होतं.

सदर सुरू झालं ते माझ्या गरजेपोटी. एका आठवड्यात शुभेच्छा कमी पडल्या, कोपरा रिकामा राहिला, म्हणून मी त्यांना म्हटलं, कॅसेटींबद्दल जे बोलता ते लिहून द्या. निवडणुकीच्या पत्रकांच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं पहिलं परीक्षण दुसऱ्या दिवशी आलं. त्याबरोबर परीक्षणाची पद्धतही ठरूनच आली होती. शेतकरी गोणीच्या तोंडाशी निवडक मोठा कांदा लावतो आणि बारका तळाशी दडवतो, हे बाजारात शेंबडं पोरही जाणतं. म्हणून गोणी उलटी करूनच माल बघायचा. गेनभाऊ अल्बमही उलटा करायचे. दुसऱ्या बाजूचं अगदी शेवटचं गाणं सगळ्यात आधी, मग मधली, आणि पहिल्या बाजूचं पहिलं गाणं सगळ्यात शेवटी. "पैलं गाणं म्हंजी गोणीचं तोंड. त्येच्यावर जाईल त्यो फसंल," ते म्हणायचे. प्रतवारीसुद्धा कांद्याचीच. सगळ्यात वर गोळा, मग मध्यम, मग गोल्टी, मग चिंगळी, आणि अगदीच सडका निघाला तर बदला.

जुना माल ठरवायची त्यांची तऱ्हा तर ऐकण्यासारखी होती. उन्हाळ्यात ऐकलेल्या कॅसेटी ते डब्यात घालून आपल्या कांदा साठवायच्या चाळीत टांगून ठेवायचे. दिवाळीच्या सुमारास चाळ फुटली की कांद्याबरोबर कॅसेटीही बाहेर निघायच्या आणि पुन्हा ऐकल्या जायच्या. सहा महिन्यांनी जो अल्बम पुन्हा ऐकवतो तो जुना माल, मग तो बाजारात गेल्या वर्षी आलेला का असेना. बाकीचे कुजले असं समजायचं. शब्बीरभाईंकडे परत आलेल्या कॅसेटींना एवढा कांद्याचा वास यायचा की ते काउंटरवर उदबत्ती लावायचे. साऱ्या वर्षांत गेनभाऊंनी गोळा फक्त एका अल्बमला दिला. त्यातल्या घोगऱ्या आवाजाच्या माणसाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'हा गडी दोन ओळींच्या मध्ये थांबतो. थांबला तरी ऐकणारा हलत नाही. आम्हाला हे जमत नाही.' शेवटचं वाक्य मी विनय समजून छापलं.

कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक एकदा तावातावानं माझ्या ऑफिसात आले. योगायोगानं गेनभाऊ तिथंच बसले होते. ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही त्या भाषेतल्या काव्याचं परीक्षण करणं हा प्रकार गंभीर आहे, असं सरांचं म्हणणं. शिवाय त्या गाण्यांमध्ये किती शिव्या आहेत याची तुम्हाला कल्पना तरी आहे का, असंही त्यांनी विचारलं. गेनभाऊंनी लवंग या गालातून त्या गालात घेतली.

"सर, गोणीवर लिवल्यालं नाव वाचून कांदा कळतो व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले. "आन् शिव्या म्हणाल तर त्या मला बी वळखू आल्या. शिवी देताना माणूस पोटातून दम घेतो. ती कुटल्या बी भाषेत कळती."

पुढं तेच सर परीक्षण कधी येतं म्हणून विचारायला लागले, पण ती वेगळी गोष्ट.

खरी गंमत अशी की मंचर, घोडेगाव, पारगाव, अगदी वर तळेघरपर्यंत अंक जायचा आणि त्यातली एकही कॅसेट कुणी ऐकलेली नसायची. तरी लोक आधी ती चौकट वाचायचे. का, ते मला वर्षभरानं कळलं. लोकांना वाटायचं, हे राजकारण आहे. 'सोनसाखळीवाला नुसत्या बढाया मारतो. निम्मं काम मागची पोरं करतात. चिंगळी.' हे छापून आलं तेव्हा गळ्यात चार साखळ्या घालणाऱ्या एका पुढाऱ्याची माणसं माझ्या दारात उभी राहिली. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? गेनभाऊ मात्र टेपरेकॉर्डर काखेत मारून थेट त्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेले आणि त्याला ती अख्खी कॅसेट ऐकवली, अर्थात तळापासून. पुढाऱ्यानं शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "गेनभाऊ, बरोबर हाय तुमचं. निम्मं काम पोरंच करत्यात." त्यानंतर त्यानं आमच्या अंकाला वाढदिवसाची अख्ख्या पानाची जाहिरात दिली.

असं सगळं मजेत चाललेलं असताना, शतक बदलायला वर्ष-दोन वर्षं राहिली असतील, यार्डात ते झालं. पारगावच्या एका शेतकऱ्याचा चांगला माल पुढच्या रांगेतल्या व्यापाऱ्याला सुटला. मागं उभ्या असलेल्या, डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणाऱ्या एका बाईनं चढी बोली द्यायला हात वर केला होता. पण तिचा हात खांद्याच्या वर जाईपर्यंत 'तीन वार' होऊन गेले होते. शेतकऱ्यानं भर यार्डात विचारलं, "गेनभाऊ, जीभ तुमची हाय, पर लगाम कुणाच्या हातात हाय?"

त्या दुपारी गेनभाऊ माझ्याकडे आले. लवंग नव्हती गालात. म्हणाले, "बावीस वर्सं पुकारतोय मी. कुणाच्या चहाचा सुदिक मिंधा न्हाई." पुढच्या रांगेचा चहा ते बावीस वर्षं रोज पीत आले होते, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं आणि मला सांगायचं धाडस नव्हतं. "माझ्या जिबंनं कुणाचं नुकसान झालं आसंल तर दाखवा. त्या दिवशी पुकारा सोडीन." हे त्यांनी मला सांगितलं, शब्बीरभाईंना सांगितलं आणि यार्डात तर मोठ्यानं सांगितलं. दाखवणार कोण? पैसे खाल्ल्याचा पुरावा नव्हताच, कारण त्यांनी खाल्लेच नव्हते. पण बाजारात कुजबुज सुरू झाली, आणि ज्या माणसाची सारी कमाई म्हणजे त्याचं नाव, त्याला ती फार लागली. चालताना ते खाली बघायला लागले.

त्यातच शब्बीरभाईंनी त्यांना एक नवा अल्बम दिला. मनाला तेवढाच विरंगुळा, एवढाच त्यांचा हेतू. गेनभाऊंनी नेहमीप्रमाणे तळापासून ऐकला आणि परीक्षण पाठवलं. मी ते जसंच्या तसं छापलं :

'मधली गाणी मध्यम. तोंडाचं गाणं गोल्टी. पण सगळ्यात शेवटी एक चिरक्या आवाजाचा गडी येतो, त्याच्याविषयी लिहिलं पाहिजे. जीभ पाण्यासारखी चालते. एवढा जलद मी कुणी ऐकला नाही. पण माणूस खोटा आहे. मागं गर्दी आहे, लोक काही म्हणू बघतात. हा कुणाला म्हणू देत नाही. पुढं एक-दोघं हसतात, त्यांच्यासाठीच बोलतो. दम घ्यायला जागा असून घेत नाही, कारण थांबला तर मागचा बोलेल. बदला.'

अंक निघाला त्याच सकाळी शब्बीरभाई धापा टाकत माझ्याकडे आले. हातात अंक होता, आणि चेहरा हसू आणि रडू यांच्या मधोमध अडकलेला.

"भाऊ, घोटाळा झाला," ते म्हणाले. "त्या अल्बमात चिरका कुणी नाहीच. तो आपला गेनभाऊच हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आखातातल्या मेव्हण्याला मंचरच्या बाजाराचा आवाज ऐकायचा होता. तिकडं त्याला गावाची फार आठवण यायची. म्हणून शब्बीरभाईंनी महिन्यापूर्वी यार्डात जाऊन टेपरेकॉर्डरवर लिलाव भरून घेतला. सेल संपत आले होते, त्यामुळं भरताना यंत्र हळू फिरलं आणि नंतर विजेवर लावल्यावर आवाज निघाला भरधाव आणि चिरका. शब्द एक कळेना. वैतागून त्यांनी ती कॅसेट कोऱ्या कॅसेटींमध्ये टाकली आणि पुढं तिच्यावरच गेनभाऊंसाठी हा अल्बम भरला. अल्बम निघाला आखूड. शेवटी उरलेल्या फितीवर जुना लिलाव तसाच राहिला, आणि गेनभाऊ नेमके तळापासून ऐकणारे.

सांगायचं का नाही, यावर आम्ही दोघांनी तासभर घोळ घातला. मी म्हणत होतो, दडपून टाका. शब्बीरभाई म्हणाले, "त्यांनी दाखवा म्हटलं होतं. मला आता दुकानात त्यांच्या तोंडाकडं बघवणार नाही." मला त्यांचा राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

दुपारी गेनभाऊ दुकानात आले. शब्बीरभाईंनी काही न सांगता तेच मरतुकडे सेल टेपरेकॉर्डरमध्ये घातले आणि कॅसेटचा शेवट लावला. फीत हळू फिरायला लागली तसा तो चिरका आवाज खाली उतरत उतरत माणसाचा झाला. मग गेनभाऊंचा झाला. आकडे कळायला लागले, पुढच्या रांगेतलं हसू कळायला लागलं, आणि मागून एका बाईचा आवाज आला, "अवो, थांबा की, माजं ऐका की." त्यावरून 'एक वार दोन वार तीन वार' धडधडत निघून गेलं.

गेनभाऊ उभेच होते.

"पुन्यांदा लावा," ते म्हणाले.

तीनदा लावली. तिसऱ्यांदा सेल पुरतेच संपले आणि बाईचा आवाज मध्येच विरला. गेनभाऊंनी काउंटरवरची उदबत्ती सरळ केली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पत्रकाच्या पाठीवर लिहिलेला मजकूर माझ्या हातात पडला. 'मागील अंकातील परीक्षणात शेवटच्या गड्याचं नाव द्यायचं राहिलं. ते नाव गेनभाऊ, कांद्याचा पुकारा करणारे, मंचर. बाकी मजकूर आहे तसाच कायम.'

मी छापणार नाही म्हटलं. समजावलं, हात जोडले. म्हटलं, लोक म्हणतील यानं स्वतःच कबूल केलं, पैसे खाल्ले.

"म्हणू द्या. पैसं न्हाई खाल्लं ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी तर कवतुक खाल्लं. त्येचा वास येत न्हाई, म्हणून कळलं न्हाई."

"निदान प्रतवारी तरी बदला. बदल्याचं मध्यम करू."

"सुटल्याली बोली परत मांडत न्हाईत," गेनभाऊ म्हणाले, आणि मी छापलं. अकरा वर्षांत माझ्या अंकात छापून आलेली एवढी एकच दुरुस्ती मला अभिमानानं आठवते, आणि ती माझी नव्हती.

लोक व्हायचं तेच बोलले. ज्यांना आधी संशय होता त्यांचा आता पक्का झाला. ज्यांना नव्हता ते म्हणाले, आग असल्याशिवाय कोण असं छापून घेईल? पुकारा सोडायला गेनभाऊ आडतदाराकडे गेले, तर त्यानं हंगाम संपेपर्यंत थांबायची गळ घातली, कारण ऐन हंगामात दुसरा माणूस मिळेना. त्या हंगामात गेनभाऊ 'दोन वार' म्हणाले की थांबायचे. डोळे मिटून एक पुरा श्वास घ्यायचे, मागच्या भिंतीपर्यंत बघायचे, आणि मग 'तीन वार'. लिलाव लांबायला लागले. पुढच्या रांगेतले व्यापारी म्हणाले, गेनभाऊ म्हातारा झाला. चहा बंद झाला. पारगावचा तो शेतकरी मात्र त्या हंगामात आपली प्रत्येक गाडी त्यांच्याकडेच घेऊन आला.

हंगाम संपला तसे ते घरी बसले. परीक्षणं आणखी दोनेक वर्षं आली. मग दीडशे गाण्यांच्या सीड्या आल्या. शब्बीरभाईंनी हौसेनं त्यांना एक ऐकवली. गेनभाऊंनी ती चकती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "ह्येला तळच न्हाई," म्हणाले. चौकट तिथंच थांबली. पुढं माझं साप्ताहिकही थांबलं आणि मी पुण्याला आलो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पाच-सहा वर्षांनी. एका नातेवाइकाच्या कामासाठी मंचरला गेलो होतो, सवयीनं पाय यार्डाकडे वळले. गेनभाऊंच्या जागी आता तिशीतला एक तगडा माणूस होता, हातात माइक. जीभ गेनभाऊंच्याच वळणाची, फक्त तिला कर्णा जोडलेला. पुढची रांग हसत होती.

"एक वार, दोन वार..." माइक घाईला आला.

मागच्या भिंतीपासून कुणीतरी खोकलं. बारकं खोकणं नव्हे, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं, जरा लांबवलेलं. माइकवाल्याचं 'तीन' ओठावरच राहिलं. त्यानं चिडून मागं पाहिलं. तेवढ्या वेळात मागून एक कांकणांचा हात वर झाला आणि बोली चढली.

भिंतीला टेकून गेनभाऊ उभे होते. टोपी, घाटी, गालात लवंग. विकायला गोणी नव्हती, घ्यायला पिशवी नव्हती. शेजारच्या हमालानं सांगितलं की लिलावाच्या प्रत्येक दिवशी ते येतात आणि शेवटची गोणी सुटेपर्यंत तिथंच उभे राहतात. मी जवळ गेलो. ओळख पटली, हातात हात घेतला.

"घशाला काय झालंय, गेनभाऊ?" मी विचारलं.

"कुटं काय," ते म्हणाले. "घसा ठणठणीत हाय."

एवढ्यात पुढची गोणी उलटी झाली. त्यांनी माझा हात सोडला, डोळे मिटले आणि माइकवाला 'दोन वार' कधी म्हणतो ते ऐकत उभे राहिले.